लव्हाळ्याची गाठ : उसाच्या रानातली चोरठेव

ऊस विकास विभाग



लागण झाली, उगवण चांगली झाली, खताचा पहिला हप्ता दिला आणि पंधरा दिवसांत सऱ्या हिरव्यागार दिसू लागल्या. जवळ जाऊन पाहावे तर ती हिरवळ उसाची नसून लव्हाळ्याची असते. मग बायका लावून भांगलण होते. आठ दिवस रान स्वच्छ दिसते आणि एक पाणी फिरले की पुन्हा पहिल्यासारखे. “साहेब, ह्यो लव्हाळा मरतच न्हाई, पैसा किती घालायचा?” हा प्रश्न आमच्या विभागाच्या प्रत्येक गटात विचारला जातो. म्हणून या अंकाचा पाठ आम्ही लव्हाळ्यावर देत आहोत.

पाठाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते. लव्हाळा पानात नाही, गाठीत आहे. आपण भांडतो पानाशी, आणि तो जगतो गाठीवर. ही गाठ नीट समजली तर भांगलणीचा बराच पैसा वाचेल आणि उसाचे टनेजही हाती राहील.

१. ओळख

लव्हाळा, मोथा, संस्कृतात मुस्ता. गवतासारखा दिसला तरी तो गवत नव्हे. फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून पाहावा. गवताचा दांडा गोल असून बहुधा आतून पोकळ असतो. लव्हाळ्याचा दांडा तीनधारी आणि भरीव लागतो. पाने तीन बाजूंना निघतात, गडद हिरवी व चकचकीत असतात, आणि तुरा तांबूस-तपकिरी येतो.

खरी ओळख मात्र जमिनीखाली आहे. खोऱ्याने ढेकूळ उलटे करा. पानांच्या बुडाशी एक लहान कंद दिसेल. तेथून दोऱ्यासारखी मुळकांडी आडवी निघते आणि काही बोटांच्या अंतरावर एक गाठ तयार करते. त्या गाठीतून पुन्हा मुळकांडी, पुन्हा गाठ. अशी ही जपमाळ चालते. कोवळी गाठ पांढरी व रसाळ असते, जुनी झाली की काळपट, खरबरीत व टणक होते. फोडून नाकाशी धरली तर सुगंध येतो. दिवाळीच्या उटण्यात जो वास असतो, त्यातला एक वास हाच.

२. ही गाठ माणसाने खाल्लेली आहे

आज आपण ज्याला शिव्या घालतो, तो लव्हाळा एके काळी माणसाचे अन्न होता. दक्षिण इजिप्तमध्ये अस्वानजवळ वादी कुब्बानिया येथे सुमारे १८,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या जागी लव्हाळ्याच्या जळून कोळसा झालेल्या गाठी सापडल्या. सुदानमध्ये पांढऱ्या नाईलच्या काठी अल खिदाय येथे पुरलेल्या प्राचीन माणसांच्या दातांवरील किटण संशोधकांनी तपासले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाप्रमाणे तेथील लोक शेती सुरू होण्यापूर्वीपासून हजारो वर्षे लव्हाळ्याच्या गाठी खात होते, आणि शेती आल्यावरही त्यांनी त्या सोडल्या नाहीत. त्यांच्या दातांना कीड कमी लागलेली दिसली. गाठीतील काही द्रव्ये दात किडवणाऱ्या जिवाणूंना रोखत असावीत, असे त्या संशोधकांना वाटते.

आपल्याकडे आयुर्वेदाने मुस्तेला मानाचे स्थान दिले. तापात तहान लागते तेव्हा द्यावयाच्या षडंगोदकातील सहा द्रव्यांत मुस्ता आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त शिकार थांबवताना राजा म्हणतो की, आता डबक्यांच्या काठी रानडुकरांना निवांतपणे मुस्ता उकरू द्या. रानडुकराला ही गाठ आवडते हे कवीलाही ठाऊक होते. नम्रतेचा दाखला देताना तुकोबांनी महापुरातल्या लव्हाळ्याकडेच बोट दाखवले.

याच लव्हाळ्याचा एक जवळचा भाऊबंद आहे. त्याची गाठ गोडसर असते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया भागात त्याची मुद्दाम शेती करतात आणि गाठी वाटून दुधासारखे थंड पेय बनवतात. आपल्या रानातल्या लव्हाळ्याची गाठ तशी गोड नाही. कोवळी असता बरी लागते, जून झाली की कडवट-तुरट होते. भाजून, कुटून किंवा उकडून ती अडीअडचणीला खाल्ली गेली आहे.

हे सर्व सांगण्याचे कारण गंमत म्हणून नव्हे. माणूस आणि डुक्कर जी वस्तू उकरून खातात तिच्यात काहीतरी साठलेले असते. लव्हाळ्याच्या गाठीत पिष्ट साठलेले आहे. उसाने उन्हातून केलेली साखर कांडीत साठवावी, आणि लव्हाळ्याने उन्हातून केलेले पीठ गाठीत साठवावे. एकाचे कोठार जमिनीवर, दुसऱ्याचे जमिनीखाली. आपण कोयता घेऊन एकाचे कोठार तोडून नेतो, पण दुसऱ्याच्या कोठाराला आपला हातच लागत नाही.

३. ठेव कशी वाढते

पतपेढीतील ठेवीचा हिशेब सभासदांना चांगला समजतो, म्हणून त्याच भाषेत सांगतो. गाठ ही लव्हाळ्याची ठेव. तिच्यावर अनेक डोळे असतात. शेंड्याकडचा डोळा आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. आपण वरचा कोंब खुरप्याने कापला की मागचा डोळा जागा होतो आणि नवा कोंब वर येतो. म्हणजे आपण व्याज कापले, मुद्दल शाबूत राहिले.

नवा कोंब सुरुवातीला गाठीतलेच पीठ खर्च करून वाढतो. या काळात तो कर्जात असतो. पाने पसरली, ऊन मिळाले की तो स्वतः कमवू लागतो, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतो. येथून पुढे मुद्दलात भर पडते. एका गाठीपासून एका हंगामात शेकड्याने गाठी होऊ शकतात. बियाणे लव्हाळ्याच्या प्रसाराला फारसे उपयोगी पडत नाही. त्याचा सगळा संसार गाठीवर चालतो.

बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, काही एक फुटापर्यंत जातात. साखळी अखंड असते तोवर त्यातील कित्येक गाठी झोपून राहतात. नांगराने किंवा रोटाव्हेटरने साखळी तोडली की प्रत्येक तुकडा स्वतंत्र होतो आणि झोपलेल्या गाठी जाग्या होतात. ओल्या रानात रोटाव्हेटर फिरवल्यावर लव्हाळा दुप्पट झाल्यासारखा वाटतो त्याचे कारण हेच. गाठी मेल्या नाहीत, उलट त्यांची वाटणी होऊन त्या रानभर पसरल्या.

मुद्दल किती असते याचा अंदाज घ्या. एका चौरस फुटात फक्त ५ गाठी धरल्या तरी गुंठ्यात ५,४४५ आणि एकरात २,१७,८०० गाठी होतात. एकरी लागणीला आपण जेवढ्या टिपऱ्या लावतो, त्याच्या कितीतरी पट डोळे लव्हाळ्याने आधीच लावून ठेवलेले असतात. अमेरिकेतील होल्म व सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातील सर्वात त्रासदायक तणांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा आहे.

४. उसाचे नुकसान केव्हा होते

ऊस सावकाश उठणारे पीक आहे. उगवण, फुटवे आणि पानांची दाटी होईपर्यंत साडेतीन-चार महिने जातात. या काळात सरीत भरपूर ऊन, पाणी आणि खत असते, आणि लव्हाळ्याला नेमके हेच हवे असते. आपण टाकलेल्या युरियाचा पहिला घास तो घेतो. फुटवे कमी पडले की पुढे कितीही खत घातले तरी गळिताला येणाऱ्या उसांची संख्या भरून निघत नाही. लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत रान तणमुक्त ठेवा, असे संशोधन केंद्रे आणि आम्हीही पुन्हा पुन्हा सांगतो ते याचसाठी.

लव्हाळ्याचे एक मर्म मात्र आपल्या उपयोगाचे आहे. त्याला सावली सोसत नाही. ऊस दाटला की लव्हाळा बसतो, पाने पिवळी पडतात आणि नव्या गाठी धरणे मंदावते. पण तो मरत नाही, गाठी झोपतात. तोडणी झाली, खोडव्याला ऊन लागले की त्या पुन्हा उठतात. म्हणून खोडव्याचे पहिले तीन महिनेही लागणीइतकेच जोखमीचे समजावेत.

५. काय करावे

*(अ) उन्हाळ्यात वाळवणे.* गाठीचा सर्वात मोठा वैरी म्हणजे कोरडे ऊन. पाण्यात, चिखलात, सावलीत ती तगते, पण पाणी आटले की मरते. शेवटचा खोडवा तुटल्यावर आडसाली लागणीला मध्ये उन्हाळा मिळतो. तो फुकट घालवू नये. रान कोरडे असताना खोल नांगरट करावी, आठ-पंधरा दिवस तापू द्यावे, मग आडवी नांगरट करून खालची ढेकळे वर आणावीत व पुन्हा तापू द्यावीत. एकाच नांगरटीत ढेकळाच्या पोटातली गाठ वाचते, म्हणून दुसरी नांगरट पाहिजेच. कुळवाच्या पाळीबरोबर वर आलेल्या गाठी दाताळ्याने ओढून वेचून घ्याव्यात. मध्येच पाणी देऊ नये. एका पाण्याने सगळी कमाई जाते.

*(ब) सावलीने दाबणे.* पूर्वहंगामी लागण करणार असाल तर पावसाळ्यात ताग किंवा धैंचा दाट पेरावा. तो भराभर वाढतो, लव्हाळ्यावर सावली धरतो आणि ४५-५० दिवसांनी फुलोऱ्याच्या सुमारास गाडला की रानाला सेंद्रिय खत मिळते. एका पेरणीत दोन कामे होतात.

*(क) फसवून उगवणे.* सुरू लागणीला वेळ कमी असला तरी सऱ्या पाडल्यावर आधी एक पाणी द्यावे. लव्हाळा उगवू द्यावा, आणि दोन-तीन आठवड्यांचा होण्याच्या आत, म्हणजे तो कर्जात असतानाच, वापशावर कुळव अथवा खुरपे चालवून काढावा. मग लागण करावी. जानेवारीच्या थंडीत उगवण धिमी असते, तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा पाने मोजावीत.

*(ड) भांगलण वेळेवर.* भांगलण किती वेळा केली यापेक्षा किती दिवसांनी केली याला महत्त्व आहे. पैसे वाचवण्यासाठी दीड महिन्याने एकदाच भांगलण केली तर त्या काळात नवी गाठ धरून झालेली असते. तेच काम दर पंधरा-वीस दिवसांनी केले तर प्रत्येक वेळी गाठीला मुद्दल मोडून कोंब काढावा लागतो, आणि हळूहळू ती रिकामी होते. पहिल्या तीन महिन्यांत हा नेम चुकवू नये. खुरपे तिरपे व खोल घालून बुडाचा कंद निघेल तेवढा काढावा. नुसते वरून उपटले की देठ हातात येतो आणि खालचे खाली राहते, हे भांगलणीला येणाऱ्या मायभगिनी आपल्याहून चांगले जाणतात. त्यांना सवडीने काम करू द्यावे. घाईच्या उक्त्या कामात पान निघते, कंद राहतो.

*(इ) तणनाशक.* उगवणीपूर्वी मारायचे अॅट्राझिन किंवा मेट्रिब्युझिन हे बियांपासून उगवणाऱ्या तणांना चांगले, लव्हाळ्याच्या गाठीवर त्यांचा भरवसा नाही. २,४-डी ने पाने करपतात, पण गाठ पुन्हा फुटते. उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे औषध मंजूर आहे. प्रमाण एकरी ३६ ग्रॅम, सुमारे १५० लिटर पाण्यातून. लव्हाळा तीन-चार पानांवर असताना, रानात ओल असताना, लव्हाळ्याच्या पानांवर नीट पडेल असे फवारावे. हे औषध पानांतून गाठीकडे उतरते, म्हणून त्याला वेळ लागतो. आठ दिवसांत काही दिसले नाही म्हणून दुसऱ्यांदा मारू नये, आणि पाला पिवळा पडून वाळेपर्यंत भांगलणही करू नये. सरीत सोयाबीन, भुईमूग, हरभरा असे आंतरपीक असेल तर ते फवारू नये. ग्लायफोसेट उभ्या उसात मुळीच नको. पानावर उडाले तर उसालाही मारते, शिवाय २०२२ साली शासनाने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. कोणतेही औषध घेताना डब्यावरील लेबल वाचावे आणि पावती घ्यावी.

*(ई) बाहेरून येणारी वाट बंद करणे.* घरचा लव्हाळा आवरताना शेजारचा येऊ नये. गाठ पुढील वाटांनी येते : लव्हाळ्याच्या रानातून मातीसकट आणलेले बेणे व रोपे, उकिरड्यावर टाकलेल्या ओल्या तणाचे शेणखत, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या फाळाला चिकटलेली माती, आणि पाटाचे पाणी. बेणे धुवून व झटकून घ्यावे. औजार रानात येण्याआधी बांधावरच माती खरडावी. उपटलेला लव्हाळा बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नये. खडकावर किंवा खळ्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवूनच त्याची विल्हेवाट लावावी.

*(उ) ऊस लवकर दाटवणे.* नांग्या वेळेवर भराव्यात, फुटवे जोमदार ठेवावेत, बाळबांधणी व मोठी बांधणी चुकवू नये. मोकळी जागा राहील तेथे लव्हाळा बसेल. उसाची सावली हे बिनखर्चाचे तणनाशक आहे.

६. सभासदांचे काही प्रश्न

*पाचटाने लव्हाळा दबतो का?* खोडव्यात पाचट ठेवल्याने ओल टिकते, खत होते आणि बी-तणे दबतात. म्हणून पाचट ठेवावेच, जाळू नये. पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो. तो पातळ प्लास्टिकचा कागदही भोसकून वर येतो, मग पाचटाची काय कथा. पाचटातून वर आलेला लव्हाळा विरळ असतो, तो हेरून काढावा किंवा जागच्या जागी फवारावा.

*ठिबकावर लव्हाळा कमी होतो का?* ओल फक्त नळीच्या पट्ट्यात राहते, त्यामुळे मधल्या कोरड्या पट्ट्यात लव्हाळा कमी उठतो. ओल्या पट्ट्यात मात्र जोमाने येतो. भांगलणीची जागा कमी होते, भांगलण संपत नाही.

*गाठी औषधी आहेत, तर विकता येतील का?* काष्ठौषधीच्या बाजारात मोथा व नागरमोथा या नावांनी या कुळातील गाठी विकल्या जातात. उटणे, उदबत्ती, अत्तर यांतही त्या जातात. उन्हाळी नांगरटीत वेचलेल्या गाठी धुवून वाळवून विचारपूस करायला हरकत नाही. पण त्या आशेने रानात लव्हाळा राखणे म्हणजे कोंबडीच्या खुराड्यात मुंगूस पाळणे. तसेच तणनाशक मारलेल्या रानातील गाठी खाण्यास किंवा औषधास घेऊ नयेत, आणि औषध म्हणून घेणे झालेच तर वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.

*किती दिवसांत नाहीसा होईल?* एका वर्षात नाही. जमिनीत दबलेली गाठ दोन-तीन वर्षे जिवंत राहू शकते. पण त्या काळात नवी गाठ धरू दिली नाही तर जुन्या गाठींची संख्या दरवर्षी घटत जाते. तीन वर्षांचा नेम धरावा : एक उन्हाळी वाळवण, एक लागण, एक खोडवा. मध्ये एका वर्षाचा आळस केला तर हिशेब पुन्हा पहिल्या पानावर येतो.

७. घरचा अभ्यास

पाठ नुसता वाचून उपयोग नाही. या आठवड्यात आपल्या रानात पाच ठिकाणी, चार कोपऱ्यांजवळ व एक मध्यभागी, एक फूट लांब, एक फूट रुंद व अर्धा फूट खोल माती काढावी. ती घमेल्यात धुवून गाठी मोजाव्यात. पाच ठिकाणची सरासरी काढून तिला ४३,५६० ने गुणले की एकरातील गाठींची संख्या मिळेल. ती तारखेसह वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावे. आकडा कमी झाला तर आपली वाट बरोबर आहे. वाढला असेल तर वरून रान कितीही स्वच्छ दिसो, भांगलणीचा पैसा मातीत गेला असे समजावे.

ज्यांचा एकच एकर ऊस आहे, त्यांना हा हिशेब जास्त लागू आहे. मोठ्या बागायतदाराला एक वर्ष लव्हाळ्याने खाल्ले तरी तो तरून जातो. लहान सभासदाची मात्र सोसायटीची बाकी, मुलांचे शिक्षण आणि घरखर्च त्या एका एकराच्या बिलातूनच निघायचे असतात. त्याच्या सरीतला एक फुटवा गेला तर तो परत येत नाही. म्हणून लहान क्षेत्राच्या सभासदांनी खताची जादा गोणी घेण्याआधी रानातल्या गाठी मोजाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आपल्या गटाच्या शेती मदतनिसाला बोलवा, मोजणी त्याच्यासमोर करा, आणि लागणीची तारीख ठरवण्याआधी उन्हाळ्याचे काम ठरवा.

कळावे.